पदरावरचा गुलाल

बोर्ड लागला तेव्हा निवडणुकीला अजून बावीस दिवस होते.

बोरीच्या बसथांब्यासमोर, खताच्या दुकानाच्या माथ्यावर हा एवढा मोठा फ्लेक्स. मधोमध माझा फोटो, तोही पासपोर्टसाठी काढलेला, म्हणजे चेहरा असा की आत्ताच कुणाला तरी झापून आलेय. एका अंगाला उधळलेला घोडा, दुसऱ्या अंगाला पृथ्वीचा गोल. खाली मजकूर: ‘आमच्या गावची कन्या, जागतिक घोडा संघटनेच्या अध्यक्षपदी बिनविरोध निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ धाकट्या भावानं मला परभणीला त्याचा फोटो पाठवला आणि मागोमाग फोनच केला.

“आक्का, बगितलं का? कसं दिसायलंय?”

“अरे, निवड झाली कुठं अजून?”

“होईल की. तुझ्याम्होरं कोण टिकायलंय.”

“आणि बिनविरोध कसली? माझ्यासमोर एक माणूस उभा आहे बाबा. जिवंत आहे तो.”

“तो काय बोरीला येणार हाय का वाचायला,” भाऊ म्हणाला आणि वर हसला.

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ते हेच. मी त्याला फोनवर जे बोलले ते इथं लिहीत नाही. साठी उलटली तरी माझी जीभ काही सुधारली नाही. बोर्ड संध्याकाळच्या आत उतरव म्हणाले. तो ‘हाव, हाव’ म्हणाला, आणि त्याचं ‘हाव, हाव’ म्हणजे काय ते मला लहानपणापासून ठाऊक आहे.

आता हे प्रकरण काय ते आधी सांगते, कारण आमच्या गल्लीतही सगळ्यांना वाटतं की मी घोड्यांच्या शर्यतीतली कुणीतरी आहे. माझा खेळ ड्रेसाज, आणि त्यात शर्यत नसते. मोजून आखलेल्या रिंगणात घोडा आणि स्वार ठरलेल्या चाली करून दाखवतात, आणि भोवती बसलेले पंच एकेका चालीला दहापैकी गुण देतात. घोडा जागच्या जागी दुडकी धरतो, तिरपा चालतो, स्वतःभोवती फिरतो, आणि हे सगळं असं दिसायला हवं की तो आपखुशीनं करतोय. मी जनावरांची डॉक्टर. परभणीत शिकले, नोकरी घोड्यांच्या तबेल्यांत झाली, तिथून स्पर्धांच्या तपासणीवर गेले आणि पुढं परीक्षा देत देत पंच झाले. वीस वर्षं देशोदेशीच्या रिंगणांच्या कडेला बसून गुण दिले. त्या खेळाचे नियम ठरवणारी एक जागतिक समिती असते. तिच्या अध्यक्षपदासाठी मी उभी होते.

उभी राहिले ती एकाच गोष्टीसाठी. घोड्याच्या तोंडातून रक्त आलं की स्वाराकडं उत्तर तयारच असतं. त्यानं स्वतःचीच जीभ चावली, माशी चावली, दात हलत होता. मी माझ्या अर्जात एक ओळ लिहिली होती: रक्त दिसलं की बाहेर, स्पष्टीकरण ऐकायचं नाही. या ओळीमुळं मला निम्म्या लोकांनी डोक्यावर घेतलं होतं आणि उरलेल्या निम्म्यांना मी नकोशी झाले होते. समोरचा उमेदवार गोड माणूस होता, पण तो निवडून आला तर ही ओळ कचऱ्यात जाणार होती. मला ते पद हवं होतं. हपापल्यासारखं हवं होतं, खोटं कशाला बोलू.

बोर्ड उतरला नाहीच. दोन दिवसांनी मी स्वतःच बोरीला गेले, म्हटलं समोर उभी राहून काढून घेते. बसमधून उतरले तर हलगी सुरू झाली. भावानं गावालाच आवतण दिलं होतं. मला बोलायला जागा उरली नाही. कुणी हार घातला, कुणी फेटा बांधला, आणि बायकांनी ओवाळायला ताटं धरली. गुलाल तर असा उडत होता की श्वास घ्यायची चोरी. आणि सगळ्यांच्या पुढं, झूल घालून, पायात घुंगरं बांधून, आमची पांढरी घोडी.

आमच्या घरात नाचऱ्या घोड्या आबांपासून, म्हणजे वडलांपासून. आबांची घोडी नाचायची म्हणजे जिंतूरच्या बाजूला लोक आधी घोडीची तारीख घ्यायचे आणि मग ब्राह्मणाला मुहूर्त विचारायचे. या घोड्या नाचतात कशा, ते बघणाऱ्याला दिसत नाही. त्यांचा लगाम काटेरी असतो. बाहेरून साधं लोखंड, आतल्या अंगाला काटे. लगाम खेचला की घोडी मान उचलते, पाय झाडते, हलगीच्या ठेक्यावर जागच्या जागी उसळत राहते. लोक म्हणतात, काय नाचायलीय.

तो लगाम घालायला मी बाराव्या वर्षी शिकले. थंडीच्या दिवसांत लोखंड तिला गार लागू नये म्हणून मी तो आधी दोन्ही तळहातांत धरून ऊब द्यायची, तोंडानं वाफा मारायची. एवढी माया. आणि ऊब आली की तेच काटे तिच्या जिभेवर ठेवायची. पुढं भाऊ हाताशी आला तेव्हा त्यालाही मीच शिकवलं, वाफ मारण्यासकट.

कॉलेजात मेलेल्या घोड्याची जीभ कापून आतून पाहिली तेव्हा मला उमगलं आपण काय करत होतो. सुट्टीत येऊन आबांशी भांडले. ते शांतपणे म्हणाले, “तिला लागलं असतं तर ती नाचली असती का?” मी आणखी भांडायला हवं होतं. भांडले नाही. त्यापुढं मी एकच केलं, बोरीला गेले की घोड्यांच्या गोठ्याकडं जायचं नाही. आबा गेले, घोड्या भावाकडं आल्या, आणि मी आपली जगभर फिरून परक्या घोड्यांची तोंडं उघडून बघत राहिले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मिरवणूक मारुतीच्या पारापाशी थांबली. तिथं आमच्याकडची रीत अशी की घोडी पाहुण्याला मुजरा करते. पुढचा एक पाय दुमडून खाली वाकते, मग पाहुण्यानं तिच्या कपाळाला कुंकू लावायचं. पांढरी वाकली, उठली, आणि कुंकू लावताना तिनं तोंड माझ्या खांद्यावर टेकवलं. मी हिरव्या काठाची पांढरी सुती साडी नेसले होते. तिच्या तोंडाचा फेस पदरावर आला. गुलाबी.

पंच म्हणून घोडा समोर आला की माझी नजर आधी तोंडावर जाते. झोपेतून उठवलं तरी तोंडावरच जाईल. त्या दिवशी मी तिच्या कपाळाकडं पाहिलं, झुलीकडं पाहिलं, गर्दीकडं पाहिलं. पदर झटकला, हातानं पुसला आणि भाऊ समोर लगाम धरून उभा होता त्याच्याकडं बघून हसले. हलगी पुन्हा सुरू झाली. घोडी तिथून वेशीपर्यंत नाचत गेली.

भावजय बिचारी हौशी. तिनं सगळ्याची रील केली आणि टाकली. नुसती टाकली नाही, तर जगातल्या जेवढ्या म्हणून घोड्यांच्या संघटना तिला सापडल्या तेवढ्या सगळ्यांना टॅग करून टाकली, म्हणजे आमच्या आक्कांचं कौतुक सगळ्यांना कळावं.

कळलं. पाचव्या दिवशी सकाळी मला संघटनेच्या छाननी समितीचं पत्र आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी अडीच वाजता उमेदवार म्हणून माझी ऑनलाइन मुलाखत ठरलेलीच होती. पत्रात एवढंच होतं: व्हिडिओच्या चाळिसाव्या सेकंदाला घोडीच्या तोंडाचा फेस गुलाबी दिसतो, त्याबद्दल मुलाखतीत खुलासा करावा.

चाळिसावा सेकंद मी किती वेळा पाहिला ते विचारू नका. दिसत काहीच नव्हतं. माणसं गुलाबी, फेटे गुलाबी, रस्ता गुलाबी, त्यात फेस गुलाबी. भावाला फोन लावला तर तो घोडी घेऊन पूर्णेला, लग्नाच्या सुपारीवर.

“तिचं तोंड बघ,” मी म्हणाले. “जीभ बाजूला धर आणि फोटो काढून पाठव.”

“इथं? वरातीत? काय येडी झालीस का आक्का. परवा येतो की बोरीला, मग बग तूच.”

“उद्या मुलाखत आहे.”

“मंग काय झालं. गुलाल हाय म्हण.” तो जरा थांबला. “अन् गुलालच तर व्हता.”

दिल्लीहून आपल्या देशाच्या संघटनेच्या सचिवांचाही फोन आला. ते अदबीनं बोलणारे गृहस्थ. “मॅडम, तो तुमच्याकडचा रंग आहे ना? मी त्यांना तसं कळवूनच ठेवलंय. तुम्ही फक्त हो म्हणा.”

म्हणजे उत्तर तयार होतं, आणि तेही मी वीस वर्षं ऐकत आले होते तसलंच. माशी चावली, दात हलत होता, गुलाल होता. एक फरक मात्र होता. हे उत्तर कुणाला खोटं ठरवता आलं नसतं. घोडी पूर्णेला, आणि ते लोक हजारो मैलांवर. गुलाल कसा दिसतो हे त्यांना मीच सांगणार.

रात्रभर विचार केला असं लिहिलं तर छान दिसेल, पण मी झोपले. सकाळी साडी आठवली. अजून धुतली नव्हती, कपाटाच्या खालच्या खणात गोळा करून टाकलेली. ती काढून जेवणाच्या टेबलावर पसरली. पदरावर हाताएवढा डाग होता. एका कडेनं चमकदार गुलाबी, मधे जरा तपकिरी. तपकिरी तर वाळलेली लाळही दिसते, कुंकूही दिसतं. माझ्या बॅगेत जखम धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. ते रक्तावर पडलं की फसफसतं. गुलालावर पडलं तर कापड नुसतं ओलं होतं.

बाटली मी टेबलावर ठेवली आणि झाकण काढलं नाही. दहा वाजले, अकरा वाजले. भाकरी थापली, खाल्ली नाही. माझं डोकं वकिलासारखं चालत होतं. बाटली उघडली नाही तर मला माहीत नाही, आणि माहीत नाही तर मी खोटंही बोलत नाही. एका घोडीच्या तोंडासाठी जगातल्या सगळ्या घोड्यांची तोंडं त्या गोड माणसाच्या हवाली करायची का? आधी पद घेऊ, नियम करू, मग पहिला कायदा बोरीला लावू. खुर्चीत बसायच्या आधी प्रत्येक जण असंच ठरवतो, हेही मला कळत होतं. कळूनही मी बाटलीकडं बघत बसले होते.

पावणेदोनला लॅपटॉप सुरू केला. वीज जाईल म्हणून इन्व्हर्टर तपासला. कूलरचा आवाज येतो म्हणून तो बंद केला, आणि उन्हाळ्यातली परभणी काय असते ते तुम्हाला सांगायला नको. घामाच्या धारा. अडीचला दहा मिनिटं कमी असताना मला माझाच असा संताप आला की मी उठले, झाकण काढलं, आणि आधी पदराच्या दुसऱ्या टोकाला, जिथं नुसता गुलाल होता, तिथं दोन थेंब टाकले. कापड ओलं झालं. मग मधल्या डागावर टाकले.

पांढरा फेस वर आला. बराच वेळ येत राहिला.

मुलाखतीला तिघं होते. बोलत होत्या त्या बाई माझ्याच वयाच्या, शांत आवाजाच्या. पहिली वीस मिनिटं कामाची गेली, पंचांचं प्रशिक्षण, गुणांची पद्धत. मी चांगली बोलले. इतकी चांगली की मला वाटलं, त्या तो प्रश्न विचारणारच नाहीत. मग त्यांनी चष्मा काढला.

“डॉक्टर, त्या व्हिडिओबद्दल. तुमच्याकडं मिरवणुकीत गुलाबी रंग उधळतात असं आम्हाला कळवण्यात आलंय. घोडीच्या तोंडाशी दिसतो तो रंगच आहे, बरोबर?”

त्यांना मला मदत करायची होती. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं.

“रंगही आहे,” मी म्हणाले. “पण तुम्ही विचारताय ते रक्त आहे.”

तिघांपैकी एकानं लिहिणं थांबवलं.

“हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?”

“मी पाहिलं नाही.”

“पाहता आलं असतं?”

“हो. तिचं तोंड माझ्या खांद्यावर होतं.”

“घोडी कुणाची?”

भावाची म्हणणं सोपं होतं आणि खरंही होतं. “आमची,” मी म्हणाले. “लगाम माझ्या वडलांचा. तो कसा घालायचा ते भावाला मी शिकवलं.”

बाईंनी चष्मा पुन्हा घातला. मग म्हणाल्या, “याचं काही स्पष्टीकरण द्यायचं असेल तर आमच्याकडं वेळ आहे.”

माझ्या अर्जातली ओळ त्यांच्यासमोर पडलेली असणार. मी म्हणाले, “नाही.” आणि मग लॅपटॉप बंद करून मी त्या ओल्या साडीवर डोकं टेकून रडले. मोठ्यानं रडले. पद गेलं म्हणून रडले, बाकी काही उदात्त कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पत्र आलं. चार ओळींचं, सभ्य. माझं नाव मतपत्रिकेतून काढलं होतं. बिनविरोध निवड झालीच शेवटी, त्या गोड माणसाची.

भाऊ त्याच संध्याकाळी मोटरसायकलवर आला. पूर्णेहून घोडी बोरीला पोचवून तसाच आलेला, अंगावर लग्नातले कपडे. सचिवांनी कुणाला सांगितलं, त्यानं कुणाला सांगितलं, आणि बातमी त्याच्यापर्यंत गेली. दारातच सुरू झाला.

“एक शब्द बोलायचा व्हता तुला. गुलाल. जीभ झडली असती का? गावात तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाईस. आबाचं नाव कामून घेतलंस तिथं?”

मी त्याला पाण्याचा तांब्या दिला. तो प्यायला नाही, हातात धरून खुर्चीत बसला. मी टेबलावरची साडी त्याच्यासमोर सरकवली. डाग आता पुसट झाला होता.

“तुला दिसलं होतं का रे?” मी विचारलं.

तो खाली बघत राहिला. बोलला तेव्हा आवाजातली सगळी धार गेली होती.

“मारुतीच्या पारापाशीच दिसलं. लय येत व्हतं. मी थांबवणारच व्हतो, खरं सांगतो. मंग तुझ्याकडं बगितलं. म्हणलं, आक्का जगाची डॉक्टर हाय, तिच्या अंगावर सांडलंय, ती काय म्हणती बगू. तू पदर पुसला अन् माझ्याकडं बगून हसलीस.” त्यानं तांब्या खाली ठेवला. “मला वाटलं, चालतंय. म्हणून अजून वेशीपर्यंत नाचवली.”

माझ्या हसण्याचं पुढं काय झालं, हे त्या समितीनं मला विचारलं नव्हतं.  मी उठले, बॅगेत टॉर्च टाकली, औषधं टाकली, चपला घातल्या आणि त्याच्या मोटरसायकलवर मागं बसले.  वाटेत बोरीच्या थांब्यासमोर बोर्ड तसाच होता, माझा चेहरा तसाच रागावलेला.

दिवस मावळायच्या आत गोठ्यात पोचलो. आबांच्या गोठ्यात मी किती वर्षांनी पाय ठेवला ते हिशेबात बसत नाही. लगाम खुंटीला होता. पांढरी कडबा खात नव्हती, नुसता हुंगत होती. मी तिच्या तोंडाकडं हात नेला तशी तिनं मान झटकली आणि भिंतीला जाऊन भिडली. आमच्या घरातला हात तोंडाकडं आला की पुढं काय होतं हे तिला पाठ होतं.

“धरू का?” भावानं विचारलं.

“नको,” मी म्हणाले. “ती देईल तेव्हा बघू.”

मग आम्ही दोघं गव्हाणीच्या कडेवर बसलो. मी हात उघडा करून तिच्यापुढं धरून ठेवला. अंधार पडेपर्यंत तिनं तोंड दिलं नाही.